धक्क्यामागचे बंदर: भोसरी ते प्राग या प्रवासाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या तुमच्या कारखान्यातून पंपांच्या ओतीव सुट्या भागांचा पहिला कंटेनर झेक प्रजासत्ताकात, प्रागजवळच्या ग्राहकाकडे गेला. कारखान्यापासून न्हावा शेवा बंदर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रेलरने पाच-सहा तासांवर. तरीही माल पोचायला जवळजवळ नऊ आठवडे लागले. त्यांतले पाच दिवस न्हावा शेव्याला गेले, अकरा दिवस कोलंबोला आणि चार दिवस हॅम्बुर्गला. बंदर ही माल चढवण्या-उतरवण्याची जागा असताना तिथे इतके दिवस का जावेत, आणि पुढची खेप तळेगावच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोतून, पाठवली तर हे दिवस वाचतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी एकतीस वर्षे पुण्यात फॉरवर्डिंगचे, म्हणजे निर्यातदारांसाठी मालाची वाहतूक ठरवून देण्याचे, आणि कस्टम्सचे काम करतो आहे. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी नवा निर्यातदार विचारतो, म्हणून या वेळी सविस्तर उत्तर लिहितो.

बंदर म्हणजे चढवण्या-उतरवण्याची जागा ही समजूत सुट्या मालाच्या काळात बरोबर होती. मुंबईचे प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि आज इंदिरा डॉक म्हणून ओळखले जाणारे अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाले, तेव्हा गोण्या, पेट्या आणि पिंपे माणसांच्या पाठीवरून आणि क्रेनच्या जाळ्यांतून हलत असत, जहाज दिवसेंदिवस धक्क्याला बांधलेले राही आणि मालाला लागून शहराची गोदामे उभी असत. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीन या ट्रकव्यावसायिकाने 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ अॅल्युमिनियमच्या पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. तेव्हा सुटा माल जहाजात भरायला टनामागे सुमारे ५.८६ डॉलर लागत, तर या पेट्यांचा खर्च टनामागे १६ सेंटांच्या आत आला. खर्चातली ही तफावत सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी आहे: मॅकलीन जहाजवाला नव्हता, ट्रकवाला होता, आणि माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाताना पेटी उघडावीच लागू नये, एवढाच त्याचा आग्रह होता. आज भोसरीत लावलेले सील थेट ग्राहकाच्या दारात तुटते, ते त्या आग्रहामुळे. पेटीच्या आठही कोपऱ्यांना ठरावीक मापाची ओतीव भोके असतात, त्यांत ट्रेलरचा, रेल्वे वॅगनचा आणि जहाजाचा ट्विस्टलॉक (फिरवून घट्ट करायची कडी) सारखाच बसतो. रस्ता, रेल्वे आणि जहाज यांना जोडणाऱ्या बहुमार्गी वाहतुकीचे सगळे जाळे त्या आठ कोपऱ्यांवर तोललेले आहे.

यातून बंदराचे कामच बदलले. पेटी उघडायची नाही म्हटल्यावर धक्क्यालगतच्या गोदामांची गरज संपली, पण पेट्या रचून ठेवायला सपाट, मोकळी, प्रचंड जागा लागू लागली आणि त्या जागेपर्यंत रुंद रस्ता व लोहमार्ग लागू लागला. दाट वस्तीच्या मुंबई बेटावर हे मिळणे शक्य नव्हते, म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यात १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ज्याला आपण सगळे अजून न्हावा शेवा किंवा जेएनपीटी म्हणतो. ही जागा मोकळी पडलेली नव्हती, तिथे भातखाचरे आणि मिठागरे होती. नवी मुंबई आणि परिसरातल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरणमध्ये झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले. आपला कंटेनर ज्या यार्डात उभा राहतो त्या यार्डाची ही किंमत आहे, आणि ती आपल्याला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या पाच दिवसांकडे येतो. टर्मिनलमध्ये तीन वेगवेगळ्या चालींची वाहने एकमेकांना भेटतात. ट्रेलर एका वेळी एक किंवा दोन कंटेनर घेऊन दिवसरात्र, मनाला येईल तेव्हा येतो. रेल्वेची एकेरी थराची गाडी एका दमात वीसफुटी ९० कंटेनर आणते. आणि जहाज आठवड्यातून एकदा, ठरलेल्या खिडकीत येते, एका फेरीत हजार-दोन हजार कंटेनर खाली टाकते, तितकेच उचलते आणि दीड-दोन दिवसांत निघून जाते. या तिन्ही चाली जुळवण्यासाठी मध्ये साठा लागतो, आणि त्या साठ्यालाच यार्ड म्हणतात. धक्क्यावरच्या उंच क्रेन फोटोत दिसतात, पण बंदर चालते ते त्यांच्या मागच्या यार्डात. निर्यातीचे कंटेनर तिथे जहाजानुसार, उतरण्याच्या बंदरानुसार, लांबीनुसार आणि वजनाच्या गटानुसार वेगवेगळे रचलेले असतात. कारण जहाजात जड कंटेनर खाली आणि हलके वर जावे लागतात, आधी उतरायचे ते नंतर उतरायच्या कंटेनरखाली दबता कामा नयेत, रेफर (थंड ठेवायच्या मालाच्या) कंटेनरना विजेच्या प्लगजवळची जागा लागते आणि धोकादायक माल एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो. ही रचना जहाज लागण्याआधी कागदावर पक्की होते, आणि ती पक्की करता यावी म्हणून गेट आधीच बंद होते. त्याला कट-ऑफ म्हणतात.

हा कट-ऑफ म्हणजे काय, हे मला एका जुलैने शिकवले. चाकणच्या एका ग्राहकाचे गिअरबॉक्सचे कास्टिंग भरलेला ट्रेलर संध्याकाळी निघाला आणि रात्री बोरघाटात दरड आल्यामुळे अडकला. चालक दर तासाला फोन करून सांगत होता की गाड्या इंच-इंच सरकत आहेत. सकाळी तो टर्मिनलच्या गेटवर पोचला तेव्हा कट-ऑफ होऊन चाळीस मिनिटे झाली होती. मी स्वतः तिथे गेलो होतो. गेटजवळून ते जहाज धक्क्याला लागलेले स्पष्ट दिसत होते, क्रेनच्या दिव्यांखाली कंटेनर हवेत झुलत वर जात होते, आणि जहाज सुटायला अजून अठरा तास होते. तरीही आमचा कंटेनर आत गेला नाही. आमचा चालक मला म्हणाला, "साहेब, बोट तर उभी आहे की." त्याला समजावताना माझ्याच लक्षात आले की बोट उभी असणे आणि बोटीत जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कंटेनरची यादीतली जागा तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. तो कंटेनर पुढच्या आठवड्याच्या जहाजावर गेला आणि यार्डातले भाडे व लाइनचे (जहाज कंपनीचे) शुल्क ग्राहकाला भरावे लागले.

तेव्हापासून मी कट-ऑफपासून मागे मोजतो, कारखान्यातून पुढे मोजत नाही. पावसाळ्यात ट्रेलर कट-ऑफच्या ३६ तास आधी निघाला पाहिजे, इतर वेळी २४ तास. फार लवकर पाठवणेही बरोबर नाही, कारण टर्मिनल ठरावीक दिवसांच्या आधी त्या जहाजाचा माल घेतच नाही आणि ट्रेलर बाहेर उभा राहिला की थांबण्याचे पैसे लागतात. तुमचे पाच दिवस मी तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून तपासले. त्यांतले तीन दिवस यार्डातले, म्हणजे रीतसर आहेत. उरलेले दोन दिवस व्हीजीएममुळे गेले. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे तपासलेले एकूण वजन, म्हणजेच व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, आणि तुमच्या कागदात फक्त मालाचे वजन लिहिले होते, रिकाम्या कंटेनरचे सव्वादोन टन त्यात धरलेच नव्हते. ती दुरुस्ती होईपर्यंत फॉर्म १३ निघाला नाही, आणि फॉर्म १३ शिवाय ट्रेलरला गेटमधून आत जाता येत नाही.

कोलंबोचे अकरा दिवस समजण्यासाठी नकाशा समोर ठेवा. जगातली कंटेनर बंदरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. एक दाराची बंदरे, ज्यांच्या मागे स्वतःचा मोठा मुलूख आहे आणि जिथला बहुतेक माल त्याच मुलखातून येतो किंवा त्याच मुलखात जातो. न्हावा शेवा, हॅम्बुर्ग, लॉस एंजेलिस ही अशी. दुसरी चौकाची बंदरे, जिथे माल जहाजातून उतरतो तो दुसऱ्या जहाजात चढण्यासाठी. कोलंबो, सिंगापूर, ओमानमधले सलालाह ही तशी. चौकाच्या बंदराला मागे मुलूख फारसा नसला तरी चालतो, पण ते पूर्व-पश्चिम मोठ्या सागरी मार्गाच्या अगदी कडेला असावे लागते आणि पाणी खोल असावे लागते. २०,००० हून अधिक टीईयूची जहाजे (टीईयू म्हणजे एका वीसफुटी कंटेनरइतकी जागा) प्रत्येक बंदरात वळत बसली तर त्यांचा खर्च भरून निघत नाही, म्हणून ती चौकांवर थांबतात आणि लहान फीडर जहाजे आजूबाजूचा माल तिथे आणून टाकतात. सरकारी आकडेवारीनुसार भारताच्या ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणाऱ्या, मालापैकी सुमारे ७५ टक्के माल परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे, आणि त्यात कोलंबोचा वाटा मोठा आहे. केरळमधल्या विळिंजम बंदरात जुलै २०२४ मध्ये पहिले मोठे मालवाहू जहाज लागले, ते हाच माल देशात थांबवण्यासाठी उभे राहिलेले बंदर आहे.

तुमच्या फॉरवर्डरने स्वस्त दर पाहून कोलंबोमार्गे सेवा घेतली. फीडरला उशीर झाला, मोठे जहाज निघून गेले, पुढचे जहाज भरलेले होते आणि तुमचा कंटेनर त्याच्या पुढच्यावर गेला. न्हावा शेव्याहून उत्तर युरोपला थेट सेवा उपलब्ध असताना जोड लागणारी सेवा घ्यायची असेल, तर दरातल्या फरकाबरोबर जोड चुकण्याची शक्यताही मोजली पाहिजे. नव्या ग्राहकाच्या पहिल्या खेपेला मी तरी ती जोखीम घेतली नसती. भर म्हणजे नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक लाइननी युरोपची जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून नेली, आणि त्यात एका बाजूला दहा ते चौदा दिवस वाढतात. दिवस वाढले की तितक्याच फेऱ्यांसाठी जास्त जहाजे लागतात, वेळापत्रके फाटतात, चौकाच्या बंदरात दोन दिवसांची जहाजे एकाच दिवशी येऊन आदळतात आणि यार्ड तुंबते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, त्याचा त्रास युरोपच्या बंदरांना पुढे कित्येक आठवडे झाला. जाळ्यातल्या एका गाठीला बसलेला ताण दुसऱ्या गाठीवर जातोच.

हॅम्बुर्गचे चार दिवस मात्र मला खटकत नाहीत, उलट त्यातून शिकण्यासारखे आहे. हॅम्बुर्ग समुद्रावर नाहीच, ते एल्ब नदीतून शंभर किलोमीटरहून आत आहे. इतक्या आत जहाज न्यायला वेळ आणि पैसा लागतो, तरी लाइन तिथे जातात, कारण त्या बंदराच्या मागे रेल्वे आहे. तिथल्या आतल्या मुलखाकडे जाणाऱ्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे लोहमार्गाने जातात, आणि प्रागसाठी नियमित कंटेनर गाड्या आहेत. समुद्र नसलेल्या झेक प्रजासत्ताकाला हॅम्बुर्ग हे जणू स्वतःचे बंदर वाटते ते यामुळे. रॉटरडॅमची गोष्टही तशीच: ऱ्हाईन नदीतल्या बार्जेस (सपाट मालनौका) आणि २००७ मध्ये केवळ मालासाठी बांधलेला, जर्मन सीमेपर्यंतचा सुमारे १६० किलोमीटरचा लोहमार्ग या दोघांच्या जोरावर ते बंदर जर्मनीच्या पोटापर्यंत पोचते. म्हणून कोणी मला अमुक बंदर किती मोठे असे विचारले, तर मी आधी त्याच्या मागे काय आहे ते पाहतो.

न्हावा शेव्याच्या मागे काय आहे? २०२४-२५ मध्ये तिथे सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. त्यांतला पाचवा हिस्सासुद्धा रेल्वेने जात नाही, बाकी सगळा भार रस्त्यावर आहे. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंतचा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग हे चित्र बदलण्यासाठीच आखला गेला, त्यावर कंटेनर एकावर एक दोन थरांत जातात. पण त्याचा गुजरातमधला भाग आधी झाला आणि वैतरणा ते न्हावा शेवा हा टप्पा सर्वांत मागे राहिला, त्यामुळे पहिला लाभ गुजरातच्या बंदरांना मिळाला. उत्तर भारताचा जो माल एकेकाळी डोळे झाकून न्हावा शेव्याला यायचा, तो मुंद्रा आणि पिपावावकडे वळताना मी पाहिला आहे. धक्के इथेही उत्तम आहेत, पण मागची वाट ज्याची मोकळी, माल त्याच्याकडे जातो.

पुण्याचे गणित याहून वेगळे आहे. रेल्वेने कंटेनर पाठवायचा तर कारखान्यातून ट्रेलरने डेपोत न्यायचा, तिथे उचलून वॅगनवर ठेवायचा, बंदरात पुन्हा उतरवायचा. दोन वाढीव उचली आणि एक वाढीव ट्रेलरफेरी यांचा खर्च लांबच्या अंतरात जिरतो, सव्वाशे किलोमीटरमध्ये जिरत नाही. त्यात बोरघाटाचा १८६३ सालचा लोहमार्ग आजही सदतिसास एक चढाचा आहे, मालगाडीला घाटात जादा इंजिने लावावी लागतात. म्हणून पुणे-चाकणचा माल रस्त्यानेच जातो आणि पुढेही बहुतांशी रस्त्यानेच जाईल, असे माझे मत आहे. तळेगावच्या आयसीडीचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे. ज्याचा माल कंटेनरभर होत नाही, ज्याला कस्टम्सची तपासणी घराजवळ हवी आहे, किंवा ज्याची आयात वारंवार तपासणीसाठी थांबते, त्याला आयसीडी सोयीची पडते. तुमचा माल पूर्ण कंटेनरचा आहे, आणि २०१७ पासून निर्यातदाराला इलेक्ट्रॉनिक सील लावून कारखान्यातूनच कंटेनर बंद करून थेट बंदरात पाठवता येतो. तुम्ही ती परवानगी घ्या. आयसीडीत गेलात तर एक थांबा वाढेल, दिवस कमी होणार नाहीत.

पुण्यातल्या माणसाने ज्याकडे जास्त लक्ष द्यावे ती गोष्ट म्हणजे रिकामा कंटेनर. तुमचे कास्टिंग जड आहे. कंटेनरचे अर्धे घनफळही न भरता वजनाची मर्यादा गाठली जाते, म्हणून तुम्हाला वीसफुटी लागतो. आयातीत मात्र चाळीसफुटी जास्त येतात. परिणामी वीसफुटी रिकामा कंटेनर बहुतेक वेळा उरण-पनवेलच्या यार्डातून घाट चढून वर आणावा लागतो, आणि तुम्ही भरता त्या ट्रेलरभाड्यात ती रिकामी फेरीही असते. शेजारच्या एखाद्या आयातदाराचा खाली झालेला कंटेनर त्याच लाइनचा असेल आणि लाइनने मंजुरी दिली, तर तोच भरून परत पाठवता येतो. भोसरीत असे जुळवून देणारे दोन-तीन ग्राहक मी एकत्र आणले आहेत. त्यासाठी आधी विचारावे लागते, एवढेच.

रिकामा कंटेनर दारात आला की एक काम स्वतः करा. आत उभे राहा, बाहेरून दोन्ही दारे लावून घ्या आणि अंधारात वर पाहा. छताला कुठे सुईएवढेही भोक असेल तर उजेडाचा ठिपका लगेच दिसतो. तसा ठिपका दिसला तर कंटेनर परत पाठवा, कारण त्या भोकातून महिनाभर खारे पाणी झिरपेल आणि मशीन केलेल्या पृष्ठभागांवर गंज चढेल. लाकडी पॅलेटवर उष्णोपचाराचा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का आहे ना तेही त्याच वेळी पाहा, आणि सील लावल्यावर सीलचा व कंटेनरचा क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो काढा.

हा फोटो का, तर बहुमार्गी वाहतुकीत नुकसान कुठल्या टप्प्यावर झाले हे बंद पेटीमुळे बहुधा कळत नाही. ट्रेलर, टर्मिनल, फीडर, मोठे जहाज, रेल्वे, पुन्हा ट्रेलर, असे सहा हात लागतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यासाठीच आपल्याकडे १९९३ चा बहुमार्गी मालवाहतूक कायदा आहे. नोंदणीकृत बहुमार्गी वाहतूकदाराने दारापासून दारापर्यंतचा एकच दस्तऐवज दिला, तर सगळ्या टप्प्यांसाठी तो एकटा जबाबदार राहतो. तुमच्याकडे आहे तो कागद फक्त बंदर ते बंदर आहे. हॅम्बुर्गपुढच्या रेल्वेप्रवासात काही झाले असते, तर तुम्हाला कुणाला धरावे हेच कळले नसते. या कायद्यात सागरी टप्पा असलेल्या वाहतुकीसाठी भरपाईची मर्यादा किलोमागे २ एसडीआर किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांपैकी जास्त ती अशी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. म्हणजे ३३३ किलोपर्यंतच्या नगाला नगाचा दर फायद्याचा पडतो. पण नग म्हणजे काय, हे दस्तऐवजावर लिहिलेल्या संख्येवरून ठरते. तुमच्या कागदावर 'एक कंटेनर' एवढेच लिहिले आहे. तिथे '४० पेट्या' असे लिहिलेले हवे होते. दावा लावण्याची मुदत नऊ महिन्यांची आहे, तीही लक्षात ठेवा.

शेवटी, तुम्ही हा माल एफओबी अटीवर विकला आहे. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची असते. गोण्यांच्या काळात हे ठीक होते, कारण विकणाऱ्याचा माणूस धक्क्यावर उभा असे. कंटेनर मात्र तुमच्या ताब्यातून टर्मिनलच्या गेटवरच जातो, त्यानंतर तो यार्डात तीन दिवस राहतो आणि त्या तीन दिवसांत तुमचा त्यावर काहीही इलाज चालत नाही, तरी जोखीम तुमचीच. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सही कंटेनरच्या मालासाठी एफसीए अट वापरा असेच सांगते, ज्यात ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या हाती माल दिला की जोखीम संपते. ग्राहकाची बँक 'ऑन बोर्ड' (माल जहाजावर चढल्याचा) शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मागत असेल, तर २०२० च्या इनकोटर्म्समध्ये, म्हणजे या विक्रीअटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, एफसीएखाली त्याचीही सोय केली आहे. पुढचा करार करताना ग्राहकाला तसे पत्र लिहा. मसुदा हवा असेल तर माझ्याकडून घ्या, आणि बुकिंग करण्याआधी फॉरवर्डरकडून जहाज थेट आहे की जोडाचे, गेटचा कट-ऑफ कधी आणि रिकामा वीसफुटी कुठल्या यार्डातून उचलायचा, या तीन गोष्टी लेखी मागवून घ्या.